दिव्यावरचं पाखरू

जून १६६७. डच आरमार थेम्सच्या मुखातून आत येऊन मेडवे नदीत घुसलं. इंग्रजांनी नदीत आडवी टाकलेली लोखंडी साखळी तुटली. चॅटमच्या गोदीजवळ नांगरून ठेवलेली मोठमोठी जहाजं पेटली आणि ‘रॉयल चार्ल्स’ नावाचं जहाज डचांनी चक्क ओढून आपल्या देशी नेलं. परागंदा झालेला राजा चार्ल्स दुसरा सात वर्षांपूर्वी मायदेशी परतला होता तो याच जहाजातून. त्या जहाजाची मागची नक्षीदार फळी, सिंह आणि शिंगवाला घोडा कोरलेली, अजूनही ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात लावलेली आहे.

त्या रात्री राजा काय करत होता? सॅम्युअल पीप्स नावाचा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी रोजनिशी लिहीत असे. त्याने लिहून ठेवलं आहे: राजा आपली प्रेयसी लेडी कॅसलमेन हिच्याबरोबर मॉनमथच्या डचेसकडे जेवायला होता, आणि सगळी मंडळी वेड्यासारखी एका बिचाऱ्या पाखरामागे धावत होती. दिव्यावर झेपावतं ना, तसलं पाखरू.

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती खोली दिसलीच. मेणबत्त्या, रेशमी कपडे, खुर्च्यांवर चढलेले दरबारी, आणि तीसेक मैलांवर जळणारी जहाजं. त्यानंतर चार्ल्सबद्दल काहीही वाचलं तरी ते पाखरू मध्ये येऊन फडफडायचं.

खरं तर चार्ल्स दुसरा आम्हा मुंबईकरांना परका नाही. गिरगावातल्या आमच्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी सांगितलं होतं, की पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई त्याला आंदण मिळाली आणि त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. सगळा वर्ग हसला होता. मीही. बायकोच्या माहेरून आलेलं शहर दहा पौंडांना घालवणारा उल्लू राजा, ही माझी त्याच्याशी झालेली पहिली ओळख. ती पुढे तीस-पस्तीस वर्षं तशीच राहिली, कारण ती तपासून पाहावी असं कधी वाटलंच नाही.

लंडनला लेकीकडे दोन महिने राहायला गेले तेव्हा कुठे ती तपासली गेली. नात व्हायच्या आधी ती आणि जावई सकाळी कामाला गेले की घर माझंच. शेजारच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची सवय लागली, आणि तिथे इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या राजांनी मला धरून ठेवलं.

मुंबईचं आंदण प्रत्यक्षात फार दुःखाचं निघालं. लग्नाचा तह २३ जून १६६१चा. बेट ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिक घेऊन आला. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा द्यायला नकार दिला. शेवटी ती माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली. तिथे पावसाळे काढता काढता तापाने आणि उपासमारीने माणसं मेली, १६६४ मध्ये शिपमनही गेला. १८ फेब्रुवारी १६६५ला हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्याच्यामागे शंभराच्या आसपास सैनिक उरले होते. बेटाचं उत्पन्न थोडं, शिबंदीचा खर्च जास्त. कंपनीला बेट दिल्याची सनद आहे २७ मार्च १६६८ची: दर ३० सप्टेंबरला सोन्यातले दहा पौंड. मेडवेच्या आगीनंतर जेमतेम नऊ महिन्यांनी! तिजोरीत खडखडाट असलेल्या राजाने खर्चाचं एक खातं बंद केलं. शहाणपणा होता की नव्हता यावर वाद घाला, पण वर्गात आम्ही हसलो ते एका आकड्याला. अंजदीववर मेलेल्या तीनशे माणसांबद्दल आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग मी पुन्हा पाखराकडे वळले. पीप्सची नोंद २१ जूनची आहे, म्हणजे घटनेनंतर आठवड्याने. त्याने ते स्वतः पाहिलेलं नाही. दरबारात ये-जा असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थाने त्याला सांगितलं, त्याने ते उतरवलं. आपल्याकडे बखर हाती घेतली की जाणता वाचक आधी विचारतो, ही लिहिली कुणी, आणि किती वर्षांनी? तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. त्यातून पीप्स पडला नौदलाचा माणूस. जहाजं जळाली याचा दोष कचेरीवर येणार या धास्तीने त्याची झोप उडाली होती. १३ जूनला त्याने बायको आणि वडिलांना सुमारे तेराशे पौंडांचं सोनं देऊन गावी धाडलं. अशा माणसाच्या कानाला राजाच्या बेफिकिरीची गोष्ट किती गोड लागली असेल!

आणि त्याच १३ जूनच्या पानावर, त्याच शाईने, दुसराच राजा आहे. राजा आणि त्याचा भाऊ दिवसभर इकडून तिकडे धावत आहेत. टॉवर हिलवर शहराची फौज जमली आहे, आणि राजा तिला सांगतो आहे, की जिथवर मी स्वतः जाईन त्याच्यापुढे तुम्ही जीव धोक्यात घालू नका. हे वाचल्यावर मी मुद्दाम टॉवर हिलवर जाऊन आले. तिथे बाकावर बसून डबा खाताना ते भाषण डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पाखरू मात्र मिटल्या डोळ्यांनी दिसत होतं.

बरं, ही रोजनिशी पीप्सने लघुलिपीत लिहिली आणि केंब्रिजच्या एका कॉलेजला पुस्तकांसोबत देऊन ठेवली. ती उलगडून छापली गेली १८२५ मध्ये. दीडशेहून अधिक वर्षं ते पाखरू कपाटात मिटून पडलं होतं, आणि बाहेर आल्याबरोबर थेट राजाच्या नावावर जाऊन बसलं.

चार्ल्सच्या आजोबांची तर याहून वाईट गत झाली. जेम्स पहिला, मूळचा स्कॉटलंडचा राजा, १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर आला. पुस्तकांतून फिरणारं त्याचं चित्र असं: जीभ तोंडात न मावणारी, त्यामुळे पिताना पेल्याच्या दोन्ही बाजूंनी ओघळ, पाय इतके अधू की चालताना कुणाच्या तरी खांद्यावर हात, अंगात सुरी लागू नये म्हणून जाडजूड भरीव कपडे, आणि हात तो कधी धूतच नसे, फक्त ओल्या रुमालाच्या टोकाने बोटांची अग्रं पुसायचा. ती रुमालाची गोष्ट वाचून मला शिसारी आली होती. किती बारीक पाहिलंय, असंही वाटलं. ज्याने हे पाहिलं तो नक्की जेवणाच्या टेबलाजवळ उभा असणार.

आणि होताच तो उभा. अँथनी वेल्डन हा राजाच्या मुदपाकखान्याचा आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणारा अधिकारी. १६१७ मध्ये तो राजाबरोबर स्कॉटलंडला गेला आणि स्कॉटिश लोकांची मनसोक्त टवाळी करणारं एक टिपण त्याच्या नावावर निघालं. नोकरी गेली. पुढे जेम्सच्या मुलाच्या काळातल्या यादवी युद्धात तो राजाच्या विरुद्ध बाजूला, पार्लमेंटच्या पक्षात गेला. १६४८ मध्ये वारला. त्याचं लिखाण छापलं गेलं १६५० मध्ये, म्हणजे जेम्सच्या मुलाचं डोकं उडवून एक वर्ष झालेलं असताना. राजाशिवाय राज्य चालवू पाहणाऱ्या नव्या सरकारच्या काळात असं पुस्तक हातोहात खपणार यात नवल काय? काढून टाकलेल्या हिशेबनिसाने मनात जपून ठेवलेला तो रुमाल आज चारशे वर्षं जेम्सच्या हातात आहे.

जाड कपड्यांचं मात्र मला फार वाईट वाटतं. जेम्स पोटात असताना, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत तिच्या चिटणिसाला सुरे भोसकून मारलं. तो आठ महिन्यांचा होता तेव्हा त्याचा बाप ज्या घरात उतरला होता ते घर दारूने उडवलं गेलं, आणि बापाचं प्रेत बागेत सापडलं. तेरा महिन्यांचा असताना त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तोवर आई कैदेत होती, आणि पुढे इंग्लंडमध्ये तिचं डोकं उडवलं गेलं. इंग्लंडच्या गादीवर आल्यावर दोन वर्षांनी पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सापडली. या माणसाने अंगात चार पदर जास्त घातले तर त्याला भित्रा म्हणणाऱ्याचं मन कसलं असेल?

आणि वेल्डनचं ते पुस्तक नीट शेवटपर्यंत वाचणारेही थोडेच. तुकडेतुकडे न करता सबंध माणूस पाहा, असं सांगून शेवटी तो कबुली देतो, की याहून वाईट राजा या देशाला कधी न मिळो, मग याहून चांगला नाही मिळाला तरी चालेल. तो शांततेत जगला, शांततेत मेला, आणि आपली सगळी राज्यं शांत ठेवून गेला. दुखावलेल्या नोकराने हे लिहावं ही केवढी गोष्ट आहे! पण रुमाल टिकला, आणि हे वाक्य त्याच्या घडीत हरवलं.

तरी जेम्सला मी पदराखाली घेणार नाही. त्याच्या दरबारात सर थॉमस ओव्हरबरी नावाच्या दरबाऱ्याला लंडनच्या टॉवर किल्ल्यात, कैदेत असताना, विष घालून मारलं, १६१३ मध्ये. त्यामागे होती राजाच्या लाडक्या रॉबर्ट कारची बायको. खटला चालला, तिने गुन्हा कबूल केला. ज्या चौघांनी हाताखालची कामं केली होती ते फासावर गेले: एक तुरुंगातला रखवालदार, एक औषधं बनवणारा, शोभेच्या पोशाखांचा धंदा करणारी एक विधवा, आणि टॉवरचा अधिकारी. उमराव नवराबायकोला राजाने माफी दिली. जेम्सच्या दरबाराचा खरा डाग हा. तो रुमालाने पुसता येत नाही.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याच्याबद्दल मी थोडंच सांगेन, कारण त्याने आपली कीर्ती स्वतःच्या हाताने घडवून ठेवली. ३० जानेवारी १६४९, कडाक्याची थंडी. त्याने दोन सदरे घातले. थंडीने अंग कापलं तर लोक म्हणतील भीतीने कापतोय, म्हणून. व्हाइटहॉलमधल्या ज्या दालनातून त्याला वधस्तंभाकडे नेलं, त्याच्या छतावर रुबेन्सने रंगवलेला त्याचा बाप स्वर्गात चढतो आहे. ती चित्रं चार्ल्सनेच करवून घेतली होती. तिथे छत पाहण्यासाठी ठेवलेल्या आरशात मी बराच वेळ बघत राहिले. मरणानंतर काही दिवसांतच त्याच्या नावाने प्रार्थना आणि मनोगतांचं पुस्तक बाजारात आलं, आणि वर्षभरात त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. मुखपृष्ठाजवळच्या चित्रात राजा गुडघे टेकून काट्यांचा मुकुट हाती घेतो आहे. अकरा वर्षं पार्लमेंट न बोलावता केलेला कारभार, उगाच वाढवलेलं दुसरं यादवी युद्ध, त्यात मेलेली माणसं, या सगळ्यावर ते दोन सदरे पांघरले गेले. उणीपुरी दोनशे वर्षं इंग्लंडच्या चर्चमध्ये ३० जानेवारीला त्याच्यासाठी प्रार्थना होत होती.

आमच्या घरी एक चुलत आजोबा होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण ‘पंगतीतून उठून गेलेले’ म्हटलं की घरातलं शेंबडं पोरही त्यांना ओळखतं. आत्याच्या लग्नात भरल्या पानावरून ते उठले, आणि तसेच स्टेशनवर गेले. एवढंच. त्यांनी ४० वर्षं नोकरी केली, विहीर बांधली, धाकट्या भावाची मुलं शिकवली, यांतलं काही कुणी सांगत नाही. पान, त्यावरचा वाढलेला भात आणि रिकामा पाट, एवढं मात्र आम्ही सगळे न पाहता पाहू शकतो. लंडनच्या त्या वाचनालयात मला त्यांची फार आठवण यायची.

आता दुसऱ्या जेम्सची गोष्ट. ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. हा दुसऱ्या चार्ल्सचा धाकटा भाऊ, १६८५ मध्ये गादीवर आला, उघडउघड कॅथलिक. त्याच्या पहिल्या बायकोच्या दोन्ही मुली प्रोटेस्टंट. त्यामुळे लोक म्हणत होते, याच्यामागे सगळं ठीक होईल, थोडी कळ काढू. पण १० जून १६८८ला सेंट जेम्सच्या राजवाड्यात दुसऱ्या, कॅथलिक राणीला मुलगा झाला. लगेच बोलवा उठली, की हे मूल राणीचं नाहीच; दुसऱ्याच कुणाचं तरी, अंथरूण शेकायच्या भांड्यात लपवून तिच्या पलंगावर पोचवलं. मूल कुठल्या दारातून, कुठल्या दालनातून नेलं हे दाखवणारा राजवाड्याचा नकाशासुद्धा छापला गेला!

तसलं भांडं मी एका जुन्या घराच्या संग्रहालयात पाहिलं. हातभराहून लांब लाकडी दांडा आणि त्याच्या टोकाला पितळेचं, झाकणाचं, गोल चपटं भांडं. आत निखारे घालायचे आणि थंडीत चादरीखालून फिरवायचं. झाकणावर भोकं पाडून फूल काढलेलं. भिंतीवर टांगलेलं होतं. माझी नात तेव्हा तीन आठवड्यांची होती. सकाळीच तिला न्हाऊ घातलं होतं, तिच्या लांबीचा अंदाज हातांत ताजा होता. मी दोन्ही तळवे त्या भांड्यासमोर, न टेकवता, तेवढ्याच अंतरावर धरले. मूल त्यात मावणं शक्य नव्हतं. मावलं तरी रडल्याशिवाय, गुदमरल्याशिवाय कसं राहील? एकाही बाईने, दाईने, आईने ही गोष्ट ऐकून क्षणभर आपले हात असे धरून पाहिले नसतील का?

राजाने काय करावं? २२ ऑक्टोबर १६८८ला त्याने सभा भरवली आणि बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या ४० हून अधिक माणसांच्या साक्षी नोंदवल्या. राणीच्या खोलीत कोण कुठे उभं होतं, कुणी काय पाहिलं, हे उमरावांनी, दासींनी, दाईने शपथेवर सांगितलं. त्या साक्षी छापून वाटल्या. एका बाईच्या प्रसूतीची अशी चव्हाट्यावर चिरफाड झाली, आणि तिचा उपयोग शून्य. डिसेंबरात राजा देश सोडून पळाला. भांड्यातून आल्याचं म्हणतात ते मूल परदेशात वाढलं, ७७ वर्षांचं होऊन वारलं, आणि जन्मभर ते किटाळ त्याच्यासोबत राहिलं.

इथवर मी या जेम्सच्या बाजूने पुरती हळवी झाले होते. मग एक दुसरी गोष्ट वाचली. हाच जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क असताना, रॉयल आफ्रिकन कंपनीचा प्रमुख होता. १६७२ मध्ये चार्ल्सने सनद दिलेली ही कंपनी. तिने पुढच्या पन्नासेक वर्षांत आफ्रिकेतून सुमारे दीड लाख माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली. मालकीची खूण म्हणून त्यांच्या अंगावर तापल्या लोखंडाने डाग देत, आणि त्यांत ड्यूक ऑफ यॉर्कची आद्याक्षरंही असत.

पितळेचं एक भांडं, जे कधी त्या खोलीत तसं गेलंच नाही, त्याच्यापायी इंग्लंड पेटून उठलं. त्याच राजाच्या नावाचं लोखंड रोज तापत होतं, त्याची कुणी लावणी केली नाही की नकाशा छापला नाही. ते वाचल्यापासून बदनामीकडे बघण्याची माझी नजर बदलली. तोवर मला वाटायचं, अफवेने राजांवर अन्याय केला. केलाच. पण तिने त्यांना वाचवलंही. दुसऱ्या चार्ल्सच्या प्रेयसींची नावं कॉफीच्या दुकानांतून गाण्यांत गुंफली जात होती, तेव्हा १६७० मध्ये त्याने फ्रान्सच्या राजाकडून पैसे घेऊन धर्म बदलण्याचं गुप्त वचन देणारा तह केला होता. त्या तहाचा पूर्ण मजकूर लोकांना वाचायला मिळाला १८३० मध्ये.

म्हणून मुंबईला परतण्याच्या आधीच्या रविवारी मी वॉपिंगला गेले. खलाशांची जुनी वस्ती. ओहोटी होती. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून दगडी पायऱ्या नदीत उतरतात. त्या हिरव्यागार, निसरड्या झाल्या होत्या, आणि खाली चिखलात विटांचे तुकडे पडले होते. लेक वरूनच ओरडत होती, “आई, पाय घसरेल, फार खाली नको जाऊस!”

पीप्सने या वस्तीबद्दल लिहिलं आहे १४ जूनला, पाखराच्या नोंदीच्या आठवडाभर आधी. त्या वर्षी सरकारने पैसे नाहीत म्हणून मोठी जहाजं लढाईला काढलीच नव्हती, ती तशीच नांगरून ठेवली होती. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत होत्या. ज्याला घाई असेल त्याने त्या पडत्या भावात विकाव्यात. काही इंग्रज खलाशी तर डचांच्याच जहाजांवर होते आणि तिथून इंग्रजीत ओरडून सांगत होते, आधी चिठ्ठ्यांसाठी लढायचो, आता रोकड्यासाठी लढतो. आणि वॉपिंगच्या रस्त्यावर त्यांच्या बायका उभ्या राहून भर लोकांत म्हणत होत्या: आमच्या नवऱ्यांचे पैसे दिले नाहीत, त्याचं हे फळ आहे.

त्यांच्यापैकी एकीचंही नाव रोजनिशीत नाही. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून ते वाक्य मराठीत, मोठ्याने, एकदा म्हटलं. मग लेकीचा हात धरून वर आले.